स्फटिकांची सममिती व प्रकाशाचे रूपांतर



मीठ, तुरटी, खडीसाखर आणि मोरचूद या चार वस्तू आपणां सर्वांच्या ओळखीच्या आहेत. पहिल्या तीन वाण्याकडे मिळतात, चौथी द्राक्षबागाइतदार फवारणीसाठी आणतो. चारही स्फटिक होत. चारही पाण्यात विरघळतात, आणि पाणी सावकाश आटू दिले की आपापला ठरीव आकार धारण करून पुन्हा बाहेर येतात. या चौघांची बारीक पूड करावी आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लेसरचा जोरदार झोत टाकावा. मीठ, तुरटी व मोरचूद यांच्या पुडीतून नवा रंग बाहेर पडत नाही. खडीसाखरेच्या पुडीतून मात्र मंद हिरवा प्रकाश निघतो. आत गेला तो न दिसणारा किरण, बाहेर आला तो हिरवा. हा पक्षपात का होतो, आणि तो माणसाला कसा उमगला, याचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आम्ही पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक नव्हे. तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आलो, आणि जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. संघटनेच्या अभ्यासमंडळात हा विषय निघाला तेव्हा एका तरुण फिटरने सरळ विचारले, “अण्णा, याचा उपयोग काय?” प्रश्न रास्त होता. घाम गाळणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा पुरा अधिकार आहे. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ते मिळायला खुद्द शास्त्रज्ञांनाच तीनशे वर्षांच्या आसपास काळ लागला.

आरंभ १६६९ सालापासून करू. कोपनहेगनचा पंडित एरास्मस बार्थोलिन याच्या हाती आइसलंडहून आलेला एक पारदर्शक दगड पडला. तो कागदावर ठेवून पाहिले की खालची एक रेघ दोन दिसे. प्रकाशाचा एक किरण आत शिरून त्याचे दोन होतात, आणि त्या दोघांची चाल सारखी नसते, असे पुढे उमगले. बार्थोलिनने ही नवलाई लिहून ठेवली. उपयोग काही नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७८४ साली, पॅरिसचा धर्मोपदेशक आउई याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या हातून एक स्फटिक पडून फुटला आणि त्याचे तुकडे एकाच घाटाचे निघाले, अशी गोष्ट सांगितली जाते. एवढे निश्चित की, स्फटिक हा एकसारख्या सूक्ष्म विटांची रचना असतो हा विचार त्याने पक्का केला. मग प्रश्न आला की, अशा रचनेत समतोलाचे प्रकार किती संभवतात? १८३० साली जर्मनीत मारबुर्ग येथे योहान हेसेल याने हिशेब करून दाखविले की, नेमके ३२. त्या वेळी कोणी त्याची दखल घेतली नाही. १८९१ साली रशियात फेदोरोव्ह आणि जर्मनीत शेनफ्लीस यांनी स्वतंत्रपणे सूक्ष्म रचनेचे २३० प्रकार मोजले, तेव्हा हा हिशेब पुरा झाला.

आमच्या कथेला या ३२ प्रकारांतील एकच वाटणी महत्त्वाची आहे. ११ प्रकारांना ‘सममिती-केंद्र’ असते, उरलेल्या २१ प्रकारांना ते नसते. केंद्र म्हणजे काय, हे विटेवरून समजेल. विटेच्या एका कोपऱ्यातून निघा, बरोबर मध्यातून जा, तेवढेच अंतर पुढे चाला. समोर पुन्हा कोपराच लागतो. कोठूनही निघा, पलीकडे तसेच ठिकाण भेटते. हे केंद्र असलेले रूप झाले. आता समोसा घ्या. त्याच्या टोकातून निघून मध्यातून पलीकडे गेलात तर समोर टोक लागत नाही, सपाट बाजू लागते. समोशाला केंद्र नाही. मीठ, तुरटी आणि मोरचूद हे विटेच्या पंक्तीतले, खडीसाखर ही समोशाच्या पंक्तीतली.

१८४८ साली पॅरिसमध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरने या वाटणीत पहिला प्राण ओतला. हा चामडे कमावणाऱ्याचा मुलगा. दारूच्या पिंपांत साका साचतो त्यातून टार्टारिक आम्ल मिळे. आपल्या चिंचेतही तेच असते. त्याच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहताना त्याला दिसले की, काहींची एक बाजू उजवीकडे झुकलेली आहे, काहींची डावीकडे. उजव्या आणि डाव्या हाताचे पंजे असावेत तसे ते होते. त्याने एकेक खडा वेचून दोन ढिगाऱ्या केल्या आणि वेगवेगळ्या विरघळविल्या. एका द्रवाने प्रकाशाच्या कंपनाची पातळी उजवीकडे वळविली, दुसऱ्याने डावीकडे. आकाराचा डावे-उजवेपणा रेणूतच आहे, असा त्याचा निष्कर्ष झाला. सममिती-केंद्र उजव्याचे डावे करते. म्हणून ज्या स्फटिकात सगळेच रेणू उजवे किंवा सगळेच डावे आहेत, त्यात केंद्र असूच शकत नाही. खडीसाखरेत केंद्र नसण्याचे कारण हेच.

पुढला टप्पा दोघा भावांचा. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि प्येर क्यूरी यांनी दाखविले की, काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर वीज उत्पन्न होते. त्यांनी तपासलेल्या वस्तूंत गारगोटीचा पारदर्शक स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ होता, टूर्मालीन होते, आणि आपली उसाची साखरही होती. ही सारी केंद्र नसलेल्या वर्गातली मंडळी. आज गॅस पेटविण्याच्या लायटरमध्ये खट्कन ठिणगी पडते ती याच तत्त्वावर. प्येर क्यूरी लहानपणी शाळेत गेला नाही, त्याचे शिक्षण घरीच झाले. आम्हांसारख्यांना त्यामुळे त्याच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो. १८९४ साली त्याने आपल्या अनुभवाचे सार एका निबंधात मांडले. त्याचा आशय असा की, एखादी घटना घडावयाची तर कोठे तरी सममितीचा अभाव असावा लागतो; जेथे सर्व बाजूंनी पुरता समतोल आहे, तेथे ती घटना उद्भवत नाही.

चळवळीतल्या माणसाला येथे मोह होतो. समतोल मोडल्याशिवाय काही घडत नाही, हे वाक्य कामगारांच्या सभेत टाळ्या घेईल. परंतु दगडाचा नियम माणसाच्या समाजाला जसाच्या तसा लावणे हा त्या दगडावरही अन्याय आणि माणसावरही. क्यूरीचे म्हणणे मर्यादित आहे, आणि त्या मर्यादेतच त्याचे बळ आहे. शिवाय केंद्र नसणे ही अट आहे, हमी नव्हे. त्या २१ प्रकारांपैकी एक प्रकार असा आहे की, केंद्र नसूनही दाबाने त्याच्यात वीज येत नाही.

आता धातूंकडे वळू. १८९३ साली झुरिक येथील आल्फ्रेड वेर्नर या तरुणाने धातूंच्या जटिल संयुगांची उपपत्ती मांडली. हा आल्सासमधल्या ओतकामगाराचा मुलगा. मधोमध धातूचा अणू आणि त्याच्याभोवती ठरावीक दिशांना चार किंवा सहा सोबती, असे त्याचे चित्र होते. विरोधकांना ते पटेना. वेर्नर म्हणाला की, ही रचना खरी असेल तर काही धातुसंयुगे डावी आणि उजवी अशी दोन रूपे घेतील. १९११ साली त्याचा अमेरिकन विद्यार्थी व्हिक्टर किंग याने कोबाल्टच्या संयुगाची ती दोन रूपे अलग करून दाखविली. १९१३ साली वेर्नरला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९१४ साली त्याने कार्बनचा अणूही नसलेले असे संयुग दाखविले. डावे-उजवेपणा ही सजीवांच्या रसायनाची मिरास आहे हा समज त्या दिवशी संपला.

याच सुमारास, १९१२ साली, म्युनिकमध्ये माक्स फॉन लौए याच्या सूचनेवरून फ्रीड्रिख आणि क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडून त्यांचे ठिपके फोटोच्या काचेवर उतरविले. त्यांनी प्रथम घेतलेला स्फटिक म्हणजे आपले मोरचूद. पुढे १९३४ साली बीव्हर्स आणि लिप्सन यांनी त्याची आतील रचना उलगडली, तेव्हा दिसले की, तांब्याच्या प्रत्येक अणूभोवती पाण्याचे चार रेणू बसलेले आहेत. म्हणजे द्राक्षावर फवारले जाणारे मोरचूद हे वेर्नरच्याच घराण्यातले धातुसंयुग ठरले. परंतु त्याच्या रचनेत केंद्र आहे, म्हणून आमच्या प्रयोगात ते गप्प बसते.

दुसऱ्या महायुद्धात क्वार्ट्झच्या पातळ चकत्या बिनतारी यंत्रांसाठी कोट्यवधींनी लागल्या. अमेरिकेच्या कारखान्यांत त्या कापण्याचे, घासण्याचे आणि तपासण्याचे काम हजारो कामगारांनी केले, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. दिशा थोडी चुकली तर चकती वाया जाई. क्यूरीबंधूंचे शास्त्र अशा रीतीने कामगारांच्या बोटांत उतरले. स्फटिक ओळखणे, कापणे आणि वाढविणे ही विद्या त्या काळात जी मुरली, तिचा लाभ पुढल्या पिढीच्या प्रयोगशाळांना झाला.

आणि मग १६ मे १९६० रोजी अमेरिकेत मालिबू येथे थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर झोत काढला. त्यापूर्वीच्या सगळ्या प्रकाशाचे वागणे नगावरच्या मजुरीसारखे होते. दहा नग केले तर दहाचे पैसे, वीस केले तर विसाचे. प्रकाश दुप्पट जोराचा केला की पदार्थाचा प्रतिसादही दुप्पट. याला शास्त्रज्ञ रेषीय वर्तन म्हणतात. लेसरचा झोत इतका तीव्र की, पदार्थातील इलेक्ट्रॉन आपल्या नेहमीच्या हद्दीबाहेर ढकलले जातात. तेथे नगाचा हिशेब संपतो आणि ओव्हरटाइमचा सुरू होतो, दर बदलतो. हेच अरेषीय वर्तन होय.

१९६१ साली मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बर येथे, पीटर फ्रँकेन आणि हिल, पीटर्स व वाइनराइख या त्याच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा तांबडा झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून सोडला. त्या प्रकाशाची लहर ६९४.३ नॅनोमीटर लांबीची. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. बाहेर येणारा प्रकाश त्यांनी वर्णपटाप्रमाणे वेगळा करून फोटोच्या काचेवर घेतला. मोठ्या तांबड्या डागापासून दूर, बरोबर अर्ध्या लांबीच्या जागी, म्हणजे सुमारे ३४७ नॅनोमीटरवर, एक बारीक ठिपका उमटला. प्रकाशाचे कंपन दुप्पट झाले होते. हे रूपांतर अत्यल्प, दहा कोटींत एक अशा मापाचे. पण ते झाले होते.

तो निबंध १५ ऑगस्ट १९६१ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात आला. छायाचित्रात त्या जागेकडे बोट दाखविणारा बाण छापलेला आहे, आणि बाणाच्या टोकाशी काहीच नाही. छपाईच्या वेळी कोणी तरी तो ठिपका म्हणजे काचेवरची घाण समजून पुसून टाकला, असे सांगितले जाते. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, तेवढेच नेमके गेले. तरीही निबंध खोटा ठरला नाही, कारण त्यातले मोजमाप आणि त्यामागची तर्कशुद्धता दुसऱ्या कोणालाही पडताळून पाहता येत होती.

फ्रँकेनने क्वार्ट्झच का घेतला? साधी काच का नाही? कारण काच सर्व बाजूंनी सारखी, आणि क्वार्ट्झला सममिती-केंद्र नाही. यातला तर्क सातवीच्या मुलालाही कळेल असा आहे, म्हणून सांगतो. समजा, स्फटिकाला केंद्र आहे. प्रकाश म्हणजे विजेचा मागेपुढे बसणारा धक्का. केंद्र असलेल्या स्फटिकाला उजवीकडचा धक्का आणि डावीकडचा धक्का सारखेच. म्हणून धक्का उलटा केला की प्रतिसादही तेवढाच, पण उलट्या दिशेचा, मिळाला पाहिजे. आता दुप्पट कंपनाचा प्रतिसाद हा धक्क्याच्या वर्गावर अवलंबून असतो. उलटा धक्का म्हणजे ऋण, आणि ऋण गुणिले ऋण धन. धक्का उलटला तरी हा प्रतिसाद उलटत नाही. एका अटीने तो उलटला पाहिजे, दुसऱ्या अटीने तो उलटू शकत नाही. दोन्ही अटी पाळणारी संख्या एकच, ती म्हणजे शून्य. म्हणून मीठ, तुरटी आणि मोरचूद यांच्याकडून हा दुप्पट कंपनाचा प्रकाश मिळत नाही. झोताच्या जोराने यांत फरक पडत नाही.

पण दहा कोटींत एक या मापाने व्यवहार होत नाही. अडचण अशी होती की, स्फटिकात तांबडा किरण एका चालीने जातो आणि त्यातून जन्मलेला आखूड लहरीचा किरण दुसऱ्या चालीने. दिंडीत पुढच्यांची पावले आणि मागच्यांचा टाळ यांचा मेळ सुटावा तसे होते. एका ठिकाणी जन्मलेला प्रकाश दुसऱ्या ठिकाणी जन्मलेल्या प्रकाशाला खोडून काढतो. १९६२ साली बेल प्रयोगशाळेतील जॉर्डमेन याने, आणि फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेतील मेकर, टरह्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी, यावर एकच तोड काढली. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या स्फटिकात प्रकाशाचे दोन किरण होतात आणि त्यांची चाल वेगवेगळी असते. झोत विशिष्ट कोनात सोडला तर एका प्रकारच्या तांबड्याची चाल दुसऱ्या प्रकारच्या आखूड किरणाच्या चालीशी तंतोतंत जुळते. मेळ बसला, आणि रूपांतर कितीतरी पटींनी वाढले. बार्थोलिनने १६६९ साली लिहून ठेवलेली ती निरुपयोगी नवलाई २९३ वर्षांनी कामाला आली ती अशी.

त्याच वर्षी फोर्डच्याच मंडळींनी आणखी एक प्रयोग केला. आइसलंडच्या त्या दगडाला, म्हणजे कॅल्साइटला, सममिती-केंद्र आहे. त्यांनी त्याला जोरदार विद्युत्-दाबाखाली ठेवले, त्यामुळे त्याचा समतोल बाहेरून मोडला, आणि एरवी गप्प असणाऱ्या कॅल्साइटमधून दुप्पट कंपनाचा प्रकाश निघाला. क्यूरीच्या वचनाला याहून स्वच्छ दाखला सापडणे कठीण. ही प्रयोगशाळा डिअरबॉर्न गावची. त्याच गावी, फोर्डच्या फाटकाजवळच्या पुलावर, २६ मे १९३७ रोजी पत्रके वाटायला आलेल्या मोटार-कामगार संघटनेच्या माणसांना कंपनीच्या लोकांनी मारहाण केली होती, आणि १९४१ साली तेथेच संघटनेशी करार झाला. कारखान्याचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी एका वहीत असाव्यात असे आम्हांस वाटते.

१९६८ साली बेल प्रयोगशाळेतील कुर्ट्झ आणि पेरी यांनी परीक्षा सोपी केली. मोठा निर्दोष स्फटिक वाढविण्यात महिने जातात. त्यांनी दाखविले की, नुसती पूड झोताखाली धरली तरी गुण कळतो. यामुळे लहान प्रयोगशाळांनाही दार उघडले. पुढे तुलनेचे माप म्हणून युरिया रूढ झाला. तोच युरिया, जो शेतकरी पोत्याने आणतो. त्याच्या स्फटिकाला केंद्र नाही. पण युरियातील ऑक्सिजनच्या जागी गंधक घातला की थायोयुरिया होतो, आणि नेहमीच्या तपमानाला त्याच्या स्फटिकात रेणू असे उलटसुलट बसतात की केंद्र तयार होते. प्रत्येक रेणूत गुण आहे, पण समोरचा तो खोडतो. येथे धातू मदतीला येतो. जस्ताच्या अणूभोवती तीन थायोयुरिया आणि एक सल्फेट असे चार सोबती समोशाच्या चार टोकांसारखे बसविले की, तयार होणाऱ्या स्फटिकात केंद्र उरत नाही. १९९२ साली या स्फटिकाच्या कंपन दुप्पट करण्याच्या गुणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. तो पाण्यातून सावकाश वाढविता येतो, आपली खडीसाखर दोऱ्यावर वाढते तसा. म्हणूनच भारतातील अनेक विद्यापीठांत व महाविद्यालयांत अशा धातुसंयुगांवर काम झाले आहे. चंचुपात्र, स्थिर तपमान आणि धीर एवढ्या भांडवलावर ते सुरू करता येते.

याहून बोलका दाखला १९८७ सालचा. ऑक्सफर्डचे माल्कम ग्रीन आणि त्यांचे सहकारी यांनी लोखंडाच्या फेरोसीन नामक संयुगाला एक शेपूट जोडले. ते दोन तऱ्हांनी जोडता येते. अणू तेच, संख्या तीच, फक्त मांडणी निराळी. एका तऱ्हेच्या पुडीतून युरियाच्या ६२ पट प्रकाश मिळाला. दुसऱ्या तऱ्हेत रेणू उलटसुलट बसून स्फटिकाला केंद्र आले, आणि तिच्यातून काहीच मिळाले नाही. रेणू उत्तम असून भागत नाही, त्यांची बैठक कशी बसते यावर सारे ठरते. आणि रेणू नेमके कसे बसतील हे आधी खात्रीने सांगणे आजही अवघड आहे. बहुसंख्य संयुगे केंद्र असलेलीच मांडणी पसंत करतात.

आता त्या फिटरच्या प्रश्नाकडे येऊ. सभेत भिंतीवर हिरवा ठिपका पाडणारी जी लेसर-कांडी असते, तिच्या पोटात पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेटचा इवलासा स्फटिक असतो. १९७६ साली त्याचे गुण प्रसिद्ध झाले. तो १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य प्रकाशाचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो. डोळ्याच्या पडद्यावर उपचार करतानाही असा हिरवा लेसर वापरतात. धातूंच्या जटिल संयुगांनी मात्र या बाजारात अजून मोठी जागा मिळविलेली नाही. त्यांतले बरेच स्फटिक मऊ असतात आणि उष्णता फारशी सोसत नाहीत. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

म्हणून उपयोगाचे उत्तर आम्ही असे देतो. बार्थोलिन, हेसेल, पाश्चर, वेर्नर यांपैकी कोणाच्याही डोळ्यांपुढे लेसर नव्हता. पण १९६० साली लेसर आला तेव्हा अवघ्या एका वर्षात फ्रँकेनला नेमका कोणता दगड उचलावा हे ठाऊक होते, कारण १३० वर्षांपूर्वी एकाने ३२ घरे मोजून ठेवली होती आणि ती मोजणी कोणी फेकून दिली नव्हती. सर्वच ज्ञान असे उपयोगी पडेल असे वचन कोणी देऊ शकत नाही. मात्र जे राखलेच नाही, ते उपयोगी पडत नाही एवढे खरे.

आणि हे राखण्याचे काम पंडितांचे एकट्याचे नाही. पाण्याचे तपमान रात्रभर सांभाळणारा प्रयोगशाळेतला सहायक, चकती घासणारी कामगार स्त्री, काचेवरचा ठिपका आणि घाण यांतला फरक ओळखणारा छापखान्यातला माणूस, या सर्वांच्या हातून ते होते किंवा बिघडते. आपल्या गावच्या शाळांत प्रयोगशाळेची खोली कित्येकदा असते, पण तिला कुलूप असते, आणि सहायकाची जागा रिकामी असते किंवा कंत्राटावर असते. ते कुलूप निघावे, त्या जागेवर पुऱ्या पगाराचा माणूस यावा, आणि मुलांच्या हाती निदान तुरटीचा एक खडा, एक दोरा आणि एक भिंग पडावे, एवढी मागणी आपण नागरिकांनी मिळून करावी. ती खर्चाची नाही. पुढल्या शाळा समितीच्या बैठकीला आम्ही ती लेखी मांडणार आहोत. आपणांपैकी ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठाजवळ थांबावे, ही विनंती.